किंग ऑलिव्हर ऐकायचा तर कोणती आवृत्ती?

तबकडीवाला:
परवा दुसऱ्या धाग्यात एकाने ठोकून दिलं, "1920च्या दशकातलं जॅझ कुठूनही ऐका, सगळं सारखंच. फक्त खरखर काढलेलं घ्या." तो धागा बंद झाला, म्हणून उत्तर इथे.

सारखं अजिबात नाही. कॉर्नेट (ट्रंपेटसारखं वाद्य) वाजवणाऱ्या ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने 5 आणि 6 एप्रिल 1923ला इंडियानातल्या रिचमंडमध्ये जेनेट या तबकडी कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं. माइक नव्हताच, सगळे आवाज गोळा करणाऱ्या भोंग्यासमोर. मोठ्या ढोलाचा दणका सुईला सोसत नसे, म्हणून बेबी डॉड्स लाकडी ठोकळ्यांवर. तबकडीवर मुळातच इतकं कमी उमटलंय, त्यातून खरखर गाळली की जॉनी डॉड्सच्या क्लॅरिनेटची धारही जाते. आधी कमी झिजलेली तबकडी मिळवायची, तिच्या खाचेला बसणारी सुई निवडायची आणि नंतरची सफाई हात राखून करायची. आर्किओफोन कंपनीच्या 'ऑफ द रेकॉर्ड' या ऑलिव्हरच्या संचामध्ये डग बेन्सनने हेच केलंय. ऑलिव्हरच्या बँडमधला दुसरा कॉर्नेटवाला लुई आर्मस्ट्राँग, त्याच्या नंतरच्या हॉट फाइव्ह-हॉट सेव्हन या बँडांसाठी जेएसपी कंपनीचा चार सीडींचा संच, काम जॉन आर. टी. डेव्हिसचं. हे काम कोणी केलं ते छापलेलं नसेल तर मी सीडी घेत नाही.

सुस्मिता_ठाणे:
आणि ऐकणाऱ्याचं काय? तुमची ती शुद्ध आवृत्ती लावली तर मुलगी म्हणाली, "आई, भजी तळतेयस का?" साफ केलेली लावली तेव्हा 'चाइम्स ब्लूज' शेवटपर्यंत ऐकलं तिने. आर्मस्ट्राँगचा ध्वनिमुद्रित झालेला पहिला सोलो एका नव्या कानापर्यंत पोचला. मला तेवढं पुरे आहे.

तबकडीवाला:
पोचलं काय, हा प्रश्न आहे ना. एका मोठ्या कंपनीचा 'साफ' संच मी चांगले पैसे मोजून घेतला होता. कॉर्नेट पार बोथट. रॉबर्ट पार्करने 1980च्या दशकात मोनोचं 'डिजिटल स्टिरिओ' केलं, वर घुमारा चढवला. लोकांनी डोक्यावर घेतलं. जे तबकडीत नाही ते घालणं याला सफाई म्हणत नाहीत.

कोमल_गांधार:
खरखरीवर भांडताय, पण गतीचं कोणीच बोलत नाही! मिनिटाला 78 फेरे हा आकडा तेव्हा सगळीकडे पाळत नसत. 74ने कापलेली तबकडी 78ने वाजवली तर सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो. माझ्या आजोबांकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या होत्या. ते तंबोरा जुळवून ग्रामोफोनची गती कमी-जास्त करत बसायचे. सूर चुकला तर बाकी सगळी सफाई पाण्यात.

तबकडीवाला:
खाँसाहेबांचं इथे काय? त्यांचा षड्ज कुठला होता ते नुसत्या तबकडीवरून सांगताच येणार नाही. जॅझमध्ये सांगता येतं. कॉर्नेट आणि क्लॅरिनेटवाले बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ असल्या सोयीच्या पट्ट्यांत वाजवतात. बी फ्लॅटच्या अर्धा स्वर वरची, गैरसोयीची बी नॅचरल पट्टी ऐकू आली की गती चुकली, हे उघड आहे.

कोमल_गांधार:
उघड कसं? पियानो आजच्यासारखा 440 हर्ट्झला लावलेला होता हे तुम्ही गृहीत धरताय.

तबकडीवाला:
435ला लावला असला तरी फरक अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाएवढा. तेवढ्याने पट्टी बदलत नाही. आणि जेनेटचा तो स्टुडिओ स्टार पियानो कंपनीच्या कारखान्याच्या आवारात होता. तिथला पियानो अर्धा स्वर उतरलेला असेल, असं तुम्हाला खरंच वाटतं?

कोमल_गांधार:
कारखाना होता म्हणून पियानो सुरात, हा काय पुरावा झाला? माझ्या आजोबांचे कान तुमच्या तर्कापेक्षा पक्के होते.

तबकडीवाला:
आजोबांबद्दल आदर आहे. ते रिचमंडला नव्हते.

सुस्मिता_ठाणे:
अहो, वैयक्तिक होऊ नका दोघंही. मी काल बेन्सनची आवृत्ती हेडफोनवर ऐकली. दोन्ही कॉर्नेट वेगवेगळे ओळखू येतात आणि साफ केलेल्या आवृत्तीत ते एकमेकांत मिसळतात, एवढं मान्य. पण मुलीला सुरुवात मी 1927च्या हॉट सेव्हनपासून करून देणार. तोवर ओके या तबकडी कंपनीकडे विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं होतं, त्यात पीट ब्रिग्जचा ट्यूबासुद्धा नीट ऐकू येतो. भोंग्याच्या काळाकडे तिला मागाहून नेईन.

तबकडीवाला:
हा क्रम चालेल. फक्त ते डेव्हिसचं ऐकवा.

कोमल_गांधार:
आणि गती तपासून घ्या. बी नॅचरलचं मला अजून पटलेलं नाही, त्यावर वेगळा धागा काढतोय.