२१ मिनिटांत ७२ हजार माणसं, अन् माझा भाचा दोनशेंपुढं अडला

साउंडवाले मामा, सेलू

राम राम मंडळी. पंचवीस वर्षं झाली, साउंड अन् मंडपाचं काम करतो. लग्नं, सप्ताह, गॅदरिंग, इलेक्शनच्या सभा, जे येईल ते. इंग्रजी गाण्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथं विचारायलो. हसू नका.

माझा भाचा परभणीला इंजिनिअरिंगला आहे. चार पोरांनी मिळून बँड काढलाय. दिवाळीत घरी आला अन् मोबाईल पुढं धरून म्हणला, मामा, हे एकदा बघाच. क्वीन नावाचा बँड, लंडनचं वेंबली स्टेडियम, १३ जुलै १९८५. इथिओपियातल्या दुष्काळासाठी पैसे जमवायचा कार्यक्रम, नाव लाइव्ह एड. दुष्काळ म्हणल्यावर मी जरा सावरून बसलो. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते आपण बघितलेलं आहे.

तर तो गाणारा, फ्रेडी मर्क्युरी, पळतच स्टेजवर येतो. अंगात काय, तर पांढरं बनियन! आपण मोटर चालू करायला शेतात जातो तसलं. खाली जीन्स, दंडावर पट्टा, मिशा. पियानोवर बसला तर पियानोवर कागदी गिलासच गिलास. माझ्या मिक्सरवर कुणी चहाचा कप ठेवला तर मी त्याला टेम्पोत बसू देत नाही, अन् हा बाबा तिथंच सुरू झाला. नंतर उठला तर हातात माईकच्या स्टँडचा नुसता वरचा दांडा. खालचा भाग नाहीच. मला वाटलं मोडला बिचाऱ्याचा.

अन् मग दोन्ही हात वर करून दोन टाळ्या. सगळं स्टेडियम त्याच्यासंगं. नुसती हातांची ज्वारी डुलायली म्हणा. त्याच्यानंतर बँड गप्प, हा एकटा ‘ए ओ’ करून ओरडतो अन् ७२ हजार माणसं जशीच्या तशी परत ओरडतात. मी व्हिडिओ चारदा बघितला. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

आता माझी अडचण. भाच्यानं हेच गणपतीत आमच्या गल्लीत करून बघितलेलं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं हे कुठून आणलंय. समोर दोनशे माणूस. हा दांडगं तोंड करून म्हणला, ‘ए ओ!’ कुणी हू नाही की चू नाही. पुन्हा म्हणला. तर पुढच्या सतरंजीवरची एक आजी शेजारणीला म्हणली, “कुणाला हाका मारायलंय गं ते लेकरू?” सगळी गल्ली हसली. पोरगं दोन दिवस जेवलं नाही नीट.

आता पुढच्या महिन्यात कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांना २० मिनिटं मिळालीत अन् साउंड माझाच आहे. मला दोन गोष्टी सांगा. त्या माणसानं नेमकं केलं काय? अन् दुसरं माझ्या धंद्यातलं. सप्ताहाला मैदान मोठं असलं की मागच्या लोकांची टाळी कायम उशिरा पडते, मृदंगवाले महाराज माझ्यावरच डोळे काढतात. तिथं एवढ्या मोठ्या स्टेडियमात टाळी एकत्र कशी पडली?

पेटीवाली मॅडम, अंबाजोगाई

मामा, आधी एक गोष्ट भाच्याला सांगा, त्याला बरं वाटेल. हा फ्रेडी आपल्या महाराष्ट्रात शिकलेला. खरं नाव फारुख बलसारा, पारशी, जन्म १९४६ चा, झांझिबारचा. आईवडलांनी लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. पियानो तिथंच शिकला, शाळेतल्या पोरांचा ‘हेक्टिक्स’ नावाचा बँडही तिथलाच. फ्रेडी हे नावसुद्धा शाळेतच पडलं. १९६४ ला झांझिबारमधल्या क्रांतीनंतर घरचे लंडनला गेले. म्हणजे १९८५ ला त्या स्टेजवर आलेला माणूस ३८ वर्षांचा होता आणि २०-२५ वर्षं लोकांसमोर उभा राहिलेला होता. तुमचा भाचा किती वर्षांचा? एकोणीस?

आता ‘ए ओ’ बद्दल. मी शाळेत गाणं शिकवते म्हणून मला त्यात जे दिसतं ते सांगते. तो पहिल्यांदा अगदी सोपं देतो, पहिलीतल्या पोरानंही म्हणावं असं. लोकांनी म्हटलं की जरा लांबवतो. मग एक हरकत. मग एक स्वर इतका लांब धरतो की बास. आणि शेवटी असं काहीतरी वाकडंतिकडं गातो की लोकांना ते जमणारच नाही, हे त्यालाही माहीत असतं. लोक हसतात, तोही हसतो. वर्गात मी सा रे ग पासून सुरू करते, थेट तान फेकत नाही. सगळा मिळून अर्धा-पाऊण मिनिटाचा खेळ आहे.

आणि मुख्य म्हणजे हे त्यानं आल्या आल्या केलं नाही. आधी पियानोवर ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’, तेही ऑपेराचा भाग सुरू व्हायच्या आधीच तोडून. मग ‘रेडिओ गागा’, त्यात टाळ्या. हात गरम झाल्यावर गळा मागितला. तुमच्या भाच्यानं गणपतीत कितव्या गाण्याला हाक मारली होती?

दीडशहाणा, लातूर

काय राव, चाळीस वर्षांपूर्वीचं काढून बसलात. सगळा त्या फ्रेडीवरच्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ पिक्चरचा प्रभाव आहे हा. पिक्चर बघून जो तो फ्रेडीभक्त झालाय. एड्सनं आजारी असताना गायला, मरण समोर दिसत असताना गायला वगैरे. दुसरं म्हणजे ते ७२ हजार लोक टाळ्या वाजवायलाच आले होते. आपल्याकडं लोक बुंदी कधी वाढताय म्हणून बसलेले असतात.

पेटीवाली मॅडम, अंबाजोगाई

दीडशहाणे, पिक्चरमध्ये तो बँडला आजाराचं कार्यक्रमाच्या आधी सांगतो, ती पिक्चरवाल्यांची जुळवाजुळव आहे. आजाराचं त्यानं जगाला सांगितलं ते २३ नोव्हेंबर १९९१ ला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वेंबलीचं श्रेय त्याच्या गळ्याला द्या, दुखण्याला नको.

आणि लोक त्यांच्यासाठी आले होते म्हणाल तर तेही नाही. दुपारी बाराला सुरू झालेला कार्यक्रम, एकामागून एक मोठी नावं. यांच्या आधी डायर स्ट्रेट्स, यांच्यानंतर डेव्हिड बोवी. त्यातून क्वीनचं तेव्हा बरं चाललं नव्हतं. आदल्या वर्षी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन कार्यक्रम केले म्हणून त्यांच्यावर भरपूर टीका झाली होती, आणि ती योग्यच होती असं माझं मत. अशा वेळी उन्हात ताटकळलेल्या, दुसऱ्यांच्याही चाहत्यांना जिंकायचं होतं. बुंदी वाढायच्या आधी गायला उभं राहण्यासारखंच झालं की.

मिक्सरमागचा माणूस, छत्रपती संभाजीनगर

मामा, मपलं काम तुमचंच, फक्त माझ्याकडं डिजिटल मिक्सर आहे. मूळ गाव आष्टीकडं. दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून दीडशे मीटरवर माणूस बसला असेल तर त्याला ठेका जवळपास अर्धा सेकंद उशिरा ऐकू येणार. त्यानं टाळी वाजवली की ती परत स्टेजकडं यायला आणखी अर्धा सेकंद. म्हणजे महाराजांच्या कानावर मागची टाळी एक सेकंदानं पडते. मृदंगाच्या दुगुणीत एक सेकंद म्हणजे सगळा सत्यानाश. तुमची चूक नाही, फिजिक्सची आहे. महाराजांना सांगून उपयोग नाही तो भाग वेगळा. मधे पोल टाकून स्पीकर लावायचे आणि त्यांना अंतराच्या हिशेबानं डिले द्यायचा (त्यातला आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडायचा), म्हणजे मागच्याला पुढचा अन् जवळचा आवाज एकदमच ऐकू येतो. माणूस मात्र तेवढाच लांब राहतो, त्याची टाळी स्टेजवर उशिराच येणार.

वेंबलीतही टाळ्या काटेकोर एकत्र पडल्या असं समजू नका. व्हिडिओत हात दिसतात, अन् हातांना बघून हात वर जातात. डोळ्याला उशीर होत नाही. फ्रेडी हात डोक्यावर नेऊन वाजवतो ते त्यासाठीच समजा, शेवटच्या रांगेतल्याला दिसायला पाहिजे. छातीपुढं वाजवली असती तर पुढच्या चार रांगांपुरतीच राहिली असती.

आता ‘ए ओ’ मधली गंमत बघा. तिथं ठेकाच नाही. ड्रम बंद, गिटार बंद. तो गातो अन् थांबतो. आवाज जाईल, माणसं ऐकतील, परत येईल, तेवढा वेळ तो सोडतो. सवाल-जवाबात उशीर खपून जातो, ठेक्यात खपत नाही. भाच्याला म्हणा, हाक मारल्यावर मनात एक-दोन मोज. पोरं घाबरतात अन् लगेच दुसरी हाक मारतात, म्हणून आधीच्या हाकेला आलेली ओ स्वतःच्याच आवाजात बुडते.

आणखी एक आपल्या कामाचं. ऐन कार्यक्रमात कुणालाच नीट साउंड चेक मिळाला नव्हता. क्वीननं मात्र आपला साउंड इंजिनिअर आधी पाठवून लिमिटर (आवाज ठराविक हद्दीपुढं जाऊ न देणारं यंत्र) स्वतःला पाहिजे तसे लावून घेतले. आपण बाकी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं वाजलो हे त्यांचा ड्रमर रॉजर टेलर यानं नंतर कबूलच केलंय. आता हे बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. माझ्या मिक्सरला असा कुणी हात लावला तर मी त्याला बीड बायपासपर्यंत पळवीन.

औंढेकर

मामा, आमच्या औंढा नागनाथाची गोष्ट तुम्हाला माहीतच असणार. नामदेव महाराजांना देवळापुढं कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन उभे राहिले, तर देऊळच फिरलं. नंदी अजून मागच्याच बाजूला आहे, येऊन बघा.

मला त्या व्हिडिओत तेच दिसलं. तो तोंड करील तिकडं स्टेडियम फिरतं. लाईट नाही, धूर नाही, स्वच्छ उजेड. तिथले संध्याकाळचे ६ वाजून ४१ मिनिटं, म्हणजे आपल्याकडं रात्रीचे ११ वाजून ११. आपण झोपलेलो असताना दिवसाउजेडी बनियनवर एवढं करून गेला.

तयारीचंही सांगतो. हे लोक आधी लंडनच्या शॉ थिएटरात बसून त्या वीस-एकवीस मिनिटांची घड्याळ लावून तालीम करून आले होते. नवं गाणं एक नाही, भाषण नाही. आमच्याकडच्या गॅदरिंगला निम्मा वेळ ‘हॅलो, माईक चेक, मागं आवाज येतोय का’ ह्यात जातो. ‘मान्यवरांचं स्वागत’ वेगळंच.

साउंडवाले मामा, सेलू

सगळ्यांचे आभार. गॅदरिंग होऊन आठ दिवस झाले, लिहीन लिहीन म्हणत राहिलं. सप्ताहाची कामं लागली.

मॅडम, तुम्ही विचारलं होतं कितव्या गाण्याला. पहिल्याच! गाणं सुरू व्हायच्या आधीच, नमस्कार म्हणायच्या जागी. तुमचं वाचून दाखवलं तर पोरगं गप्प बसलं. वय एकोणीसच आहे, बरोबर ओळखलंत.

ह्या वेळी घड्याळ लावून पाच दिवस आमच्या गोडाऊनमधी तालीम केली, मंडपाच्या कनातीत. दोन गाणी अर्धी कापली. ‘ए ओ’ काढून टाकलं, त्या आजीची सगळ्यांनीच धास्ती घेतलेली. त्याच्या जागी पोरानं आमच्या आईच्या जात्यावरच्या ओवीतला शेवटचा हेल घेतला, शब्द नाहीत, नुसता हेल. तिसऱ्या गाण्यानंतर सगळी वाद्यं बंद केली अन् टाकला.

कुणीच काही म्हणलं नाही. मी मिक्सरमागं उभा. एक. दोन. हे दोन सेकंद मला जनरेटर बंद पडल्यावर वाटतात तसे वाटले, हात फेडरकडं, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या खटक्याकडं, गेला होता, म्हणलं उगं काहीतरी ट्रॅक लावून झाकून घ्यावं. तेवढ्यात पार मागून, सायकल स्टँडच्या भिंतीवर बसलेल्या होस्टेलच्या पोरांनी तो हेल परत दिला. बेसूर, पण दिला. मग त्यानं त्यांच्याकडंच तोंड केलं अन् दुसरा टाकला. चौथ्या वेळेला पुढच्या खुर्च्यांवरचे सरसुद्धा मान मागं वळवून बघायलेत कोण गातंय म्हणून.

पाचव्याला बेस गिटारची वायर निखळली अन् शेवटचं गाणं बेसशिवायच झालं. ते माझं पाप, जॅक जुना होता. कुणाच्या ध्यानात आलं नाही, बेसवाल्या पोराला सोडून. तो अजून बोलत नाही माझ्याशी.

संभाजीनगरच्या भाऊ, लिमिटरला हात लावला नाही. आमच्यानंतर मुलींचं लेझीम होतं, त्यांच्यावर कशाला अन्याय.

अन् ते अर्ध्या स्टँडचं राहिलंच. भाचा म्हणला, मामा, एक स्टँड कापू का? म्हणलं कापून बघ, तुलाच कापतो. पण गोडाऊनमधी एक होता पडलेला. मागं एका लग्नात नवरदेवाच्या मित्रानं त्याच्यावर बसायचा प्रयत्न केला तेव्हा खालचे पाय मोडलेले. तो घासून, काळा रंग मारून दिला. कार्यक्रम झाल्यावर पोरानं परत आणून दिलाय. स्टँडच्या पेटीत आता त्याला जागा नाही, म्हणून टेम्पोत सीटच्या मागं ठेवलाय.