रात्री तीनचा घाम: शुगर लो की पाळी जायची वेळ?

केळीचं_बन (भुसावळ)
वय 46, टाइप वन डायबेटिस 19व्या वर्षापासून, म्हणजे 27 वर्षं झाली सुईसोबत. इतके दिवस गणित पाठ होतं, पाळीच्या आठवडाभर आधी शुगर चढणार, मग रात्रीचं ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) दोन-तीन युनिट वाढवायचं, पाळी आली की परत खाली. आता पाळीच कधी 22 दिवसांनी तर कधी दोन महिने गायब, काय बघून वाढवू? गेल्या आठवड्यात रात्री तीनला उशी घामाने ओली, छाती धडधड, लो समजून अंधारातच ग्लुकोजचे तीन-चार चमचे कोंबले, सकाळी 318. दोन दिवसांनी परत तसंच, म्हटलं हे वयाचं असेल, पंखा वाढवून पडून राहिले, तर मिस्टरांनी हलवलं तेव्हा मी काहीबाही बरळत होते आणि मीटरवर 44. डॉक्टर म्हणतात वयानुसार होतंच. सासूबाई म्हणतात मे महिन्यात भुसावळात घाम कोणाला येत नाही? कुणाला अनुभव आहे का?

कळण्याची_भाकरी (यावल)
माय वं ताई, अगदी माझंच लिहिलंय तुम्ही! मी 51, टाइप वनच. दोन्हीत घाम सारखा, धडधड सारखी, अंगावरून ओळखायला जाऊच नका, मी दोन वर्षं तेच करत फसले. मीटर उशीजवळ ठेवा. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज आणि 15 मिनिटांनी परत चेक. हात इतके थरथरताहेत की स्ट्रिप लागत नाही, तर आधी खा, मग बघा.
आणि बोट धुऊन टोचा. एकदा केळं सोलून तशाच हाताने टोचलं, 290! धुऊन परत बघितलं तर 112. त्या 290 वर इन्सुलिन घेतलं असतं तर काय झालं असतं.
माझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की इस्ट्रोजेन असतं तेव्हा इन्सुलिन बरं लागू पडतं, प्रोजेस्टेरॉन वाढलं की अंग ऐकत नाही. या वयात दोन्ही आज वर तर उद्या खाली, म्हणून जुनं गणित चुकतं. तुमचं काही चुकत नाहीये.

तापीकाठचा (धुळे)
माझं मेडिकल आहे म्हणून सांगतो ताई, हार्मोन सोडून इन्सुलिनकडेही बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 ला जातो. चालू इन्सुलिनचं पेन 30 डिग्रीच्या आत राहिलं पाहिजे आणि ग्लार्जिन असलं तर उघडल्यापासून 28 दिवस, मग शिल्लक असलं तरी टाकून द्या. लाइट जाते तिथे मातीच्या मडक्यात ओलं फडकं लावून ठेवतात, कामाचं आहे. फ्रीझरमध्ये मात्र नको, गोठलेलं फेकायचंच. डोस बदलला की ग्लार्जिनला दोन-तीन दिवस द्या, रोज ढवळू नका. आणि 44 झालंय म्हणजे पुढच्या महिन्याची वाट न बघता या आठवड्यातच डॉक्टरांना शुगरची वही दाखवा.

कळण्याची_भाकरी (यावल)
बरोबर, आणि थायरॉइडही बघून घ्या, टाइप वनमध्ये तो बिघडायची शक्यता जास्त, त्यानेही घाम, धडधड, पाळी मागेपुढे. परवडत असेल तर दंडावर चिकटवायचा शुगरचा सेन्सर लावा, रात्री लो झालं की अलार्म वाजतो. फक्त त्या दंडावर झोपलात तर दाबाने खोटी लो दाखवतो, म्हणून खाण्याआधी बोटावर बघा. हॉट फ्लशवर, म्हणजे पाळी जायच्या वयात अंगातून येणाऱ्या गरम लाटांवर, हार्मोनचे उपचार आहेत, गोळी का अंगावर चिकटवायची पट्टी ते स्त्रीरोगतज्ज्ञ आणि शुगरचे डॉक्टर दोघांना विचारून. मी तरी वय झालं ऐकून गप्प बसले नाही, दुसरा डॉक्टर केला.

केळीचं_बन (भुसावळ)
दादा, पेन बघितलं, सव्वा महिन्याचं निघालं! नवीन काढलं. शुक्रवारी जळगावला डॉक्टर मॅडमची वेळ मिळाली, वही नेते. काल रात्री परत तीनला घाम, बोट धुतलं, मीटर 131. ग्लुकोजला हात लावला नाही. सासूबाई उठल्या होत्या, म्हणाल्या, मी सांगतच होते, मे महिना आहे.