मदत हवी आहे: पीडीएफ डबल क्लिकने उघडते, ‘प्रिंट’ दिलं की एरर ११५५

सातपूरकर:
नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा डिस्पॅच प्रोग्रॅम आहे, सी शार्पमध्ये, विंडोज १० वर. डिलिव्हरी चलनाची पीडीएफ तयार झाली की शेलएक्झिक्यूटला (फाइल तिच्या अ‍ॅपकडे सोपवणारं विंडोजचं फंक्शन) ‘प्रिंट’ व्हर्ब, म्हणजे फाइलचं काय करायचं तो शब्द, देऊन ती थेट छापायची. ११ पैकी ७ पीसींवर छापली जाते, ४ वर एरर ११५५ येते: फाइलशी कुठलंच अ‍ॅप जोडलेलं नाही. पण त्याच ४ पीसींवर तीच फाइल डबल क्लिकने नीट उघडते! दर वेळी कोड बदलून पाहण्याऐवजी फाइल, व्हर्ब खिडकीत भरायचे आणि बटण दाबून निकाल बघायचा, असं छोटं टूल करतोय. त्यात काय काय ठेवू?

गोदाकाठ:
आधी ११५५ चा अर्थ. अ‍ॅप नाही असं नव्हे, त्या ‘कामासाठी’ अ‍ॅप नाही. डबल क्लिक ‘ओपन’ चालवतं, ‘प्रिंट’ची नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) वेगळी असते. त्या ४ पीसींवर पीडीएफचं डिफॉल्ट अ‍ॅप बहुतेक एज ब्राउझर असेल. एज ‘ओपन’ नोंदवतो, ‘प्रिंट’ नोंदवत नाही. फाइलवर राइट क्लिक करून मेनूत प्रिंट दिसतं का बघा.

टूलमध्ये सी शार्पचं तयार प्रोसेस.स्टार्ट वापरू नका, शेलएक्झिक्यूटइएक्स थेट बोलवा, म्हणजे मास्कचे फ्लॅग (कॉल कसा चालावा ते ठरवणारे पर्याय) हातात राहतात. व्हर्बचा बॉक्स टाइप करता येईल असा ठेवा: ओपन, एडिट, प्रिंट, प्रिंटटू (ठरावीक प्रिंटरवर छापणं), रनअ‍ॅज (अ‍ॅडमिन म्हणून चालवणं), प्रॉपर्टीज आणि रिकामा. रिकामा म्हणजे ‘ओपन’ असं समजू नका. रिकामा दिला की विंडोज आधी त्या फाइलप्रकाराचा डिफॉल्ट व्हर्ब घेतं, तो नसेल तर ओपन, तोही नसेल तर नोंदीतला पहिला. ‘प्रॉपर्टीज’ला इन्व्होकआयडीलिस्ट फ्लॅग लागतो, त्याचा चेकबॉक्स द्या. नोक्लोजप्रोसेसचाही द्या, नाहीतर प्रोसेस हँडल (सुरू झालेल्या प्रोसेसवर लक्ष ठेवायचा दुवा) मिळणारच नाही. पॅरामीटर, वर्किंग फोल्डर आणि विंडो कशी उघडावी, हे तीन बॉक्स ओघाने आलेच.

डीएलएलइम्पोर्टमध्ये (सी शार्पमधून विंडोजचं फंक्शन बोलवायची घोषणा) सेटलास्टएरर ट्रू हवंच. ते राहिलं तर निकालात दिसणारा नंबर भलताच असू शकतो आणि शोध चुकीच्या दिशेला जातो. सीबीसाइज (फंक्शनला द्यायच्या स्ट्रक्चरचा आकार) भरायला विसरू नका, मेन फंक्शनवर एसटीएथ्रेड ही खूण असू द्या.

पंचवटी:
एक भर. व्हर्बची यादी दाखवायला सी शार्पमधल्या प्रोसेसस्टार्टइन्फोचं ‘व्हर्ब्स’ वापरायचा मोह होईल. ती यादी एक्स्टेन्शनच्या (.pdf) मूळ प्रोगआयडीवरून, म्हणजे रजिस्ट्रीतल्या फाइलप्रकाराच्या नावावरून येते, वापरकर्त्याने निवडलेलं अ‍ॅप, म्हणजे युजरचॉइस, ती पाहतच नाही. यादीत प्रिंट दिसेल आणि प्रत्यक्षात ११५५ येईल. त्यापेक्षा विंडोजच्या असॉकक्वेरीस्ट्रिंग फंक्शनला एक्स्टेन्शन आणि व्हर्ब देऊन कमांड विचारा, उत्तर बटणाच्या वरच दाखवा.

आणि टूल ऑपरेटरच्याच लॉगिनने चालवा. साध्या युजरच्या पीसीवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून चालवलंत तर अ‍ॅडमिनच्या खात्याची निवड तपासली जाईल. मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्हही तिथे दिसेलच असं नाही, मग ११५५ ऐवजी फाइल किंवा पाथ सापडत नसल्याची एरर येईल.

सातपूरकर:
चारही पीसींवर एजच निघाला. रजिस्ट्रीतली युजरचॉइसची नोंद स्क्रिप्टने बदलू का?

पंचवटी:
नको. विंडोज ८ पासून तिथे हॅश (नोंद खरी आहे का ते पडताळणारा कोड) असतो, तो जुळला नाही की निवड मानली जात नाही. प्रिंट व्हर्ब नोंदवणारा पीडीएफ रीडर टाका आणि सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट अ‍ॅप्समधून निवडा, प्रत्येक ऑपरेटरच्या खात्यात वेगळं.

सातपूरकर:
केलं. चलन छापलं, टूलमध्ये यश दिसतंय, पण एका पीसीवर प्रोसेस हँडल शून्य आहे. नोक्लोजप्रोसेस टिक केलेलं आहे.

गोदाकाठ:
तिथे रीडर आधीच उघडा असेल. काम चालू प्रोसेसकडे गेलं की नवी प्रोसेस बनत नाही आणि हँडल मिळत नाही. ही चूक नाही. पण तुमचा प्रोग्रॅम प्रोसेस संपायची वाट बघून पीडीएफ पुसत असेल तर तो भाग बदला: चलनं तात्पुरत्या फोल्डरमध्ये राहू द्या आणि प्रोग्रॅम सुरू होताना आदल्या दिवसाची पुसा.