गंगापूर धरणाच्या पाण्यात इंजिनाच्या बोटी असाव्यात का?

गोदाकाठी : बोटिंगला माझा विरोध नाही, आधीच सांगतो. परवा मुलांना घेऊन शहराबाहेरच्या एका जलाशयावर गेलो होतो. मुलं हरखली. पण बोट सुरू होताना पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरला आणि मला एकदम आपलं गंगापूर धरण आठवलं. नाशिकच्या नळाला येणारं बहुतेक पाणी तिथलंच. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात आणि त्यातलं काही न जळताच पाण्यात उतरतं. शिवाय धरणाची पातळी सारखी खालीवर होत असते. पावसाळ्यानंतर जायकवाडीसाठी पाणी सोडावं लागलं की उन्हाळ्यात साठा आणखी आटतो. जेवढं पाणी कमी, तेवढी त्यातली घाण दाट. म्हणून म्हणतो, पिण्याच्या पाण्यावर बोटी हव्यात, पण वल्ह्यांच्या.

पंचवटीकर : दादा, तवंग बघून वाईट वाटलं हे खरं, पण खरी घाण कुठली ते बघा ना. शहरातलं सांडपाणी नाल्यांतून गोदेत येतं, त्यावर पाणवेली माजतात. ते सोडून दहा-बारा बोटींच्या मागे का लागायचं? त्या बोटींवर धरणाजवळच्या गावांतली पोरं कामाला असतात. शेती धरणात गेली, आता निदान पाण्यावर तरी त्यांना पोट भरू द्या.

गोदाकाठी : सांडपाण्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण ते धरणाच्या खाली, शहरात मिसळतं. वरचं पाणी अजून बरं आहे, तेच जपू या. आणि रोजगाराचं म्हणाल, तर मोटरबोटीत वीस माणसांमागे एक चालक पुरतो. वल्ह्याच्या बोटीला चार-पाच माणसांमागे एक नावाडी लागतो.

वल्हेकरी : हिशोब कागदावर छान आहे. दुपारनंतर धरणावर जो वारा सुटतो, त्यात भरलेली बोट वल्हवून बघा, दोन फेऱ्यांत खांदे भरून येतात. माणसं वाढली तरी फेऱ्या घटतात, मग एकेकाच्या हातात काय उरणार? आणि कोणी बुडायला लागलं तर वल्हं मारत पोचायचं का?

निफाडची : मी नांदूर मध्यमेश्वरजवळ राहते. गोदावरी-कादवाच्या संगमावरचं हे पाणी २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. थंडीत इथे बदकं आणि क्रौंच उतरतात. इंजिनाचा आवाज आला की अख्खा थवा उठतो आणि चरायचं सोडून घिरट्या घालत बसतो. हजारो मैल उडून आलेल्या जिवाची ही ताकद फुकट जाते. गंगापूरच्या फुगवट्यावरही थंडीत पक्षी येतात. निदान ऑक्टोबर ते मार्च तिथला उथळ भाग बोटींना बंद ठेवा.

चांदवडचा : आमच्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये १३ वा आला, २०१८ च्या आशियाई खेळात चौघांच्या शर्यतीत सुवर्ण घेऊन आला. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा पोरगा वल्हं मारायला शिकला पुण्यात, तेही लष्करात गेल्यावर. धरणांच्या जिल्ह्यातल्या पोराला त्यासाठी पुणं गाठावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. मोटरबोटीच्या लाटांत रोइंगचा सराव होत नाही. धरणाचा एक पट्टा त्यासाठी राखून ठेवा.

पंचवटीकर : हे पटलं. पण माझी आई सत्तरीची आहे, गुडघे गेलेत. लहानशी हलती बोट तिला झेपणार नाही, मोठी बोटच हवी.

गोदाकाठी : काकूंसाठी मोठी बोट असू दे, बॅटरीवरची. आणि वल्हेकरीदादा, बचावाची बोट इंजिनाचीच हवी, तिथे मी चुकलो. ती काठाला तयार ठेवायची, सहलीला काढायची नाही.

वल्हेकरी : बॅटरीच्या बोटीला पैसे कोण देणार? आमच्याकडे आत्ताच्या इंजिनाचेच हप्ते फिटायचेत. ते फिटेपर्यंत दोन वर्षं मुदत द्या, मग मीच वल्हं हातात घेतो.