दहा दिवसांच्या ध्वनिप्रशिक्षणासाठी मुलाला न्यावे का?

वडगावची आई

नमस्कार. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे आणि तो तीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. आमच्या घराला लागूनच यंत्रमाग आहेत. त्यांची खटखट दिवसभर चालते, पण तिचा त्याला कसलाही त्रास होत नाही. मात्र कुकरमध्ये वाफ धरू लागली, की शिट्टी होण्याच्या आधीच तो दोन्ही कानांवर तळवे दाबून न्हाणीघरात जाऊन उभा राहतो. गेल्या गणेशोत्सवात डॉल्बी गल्लीत शिरला, तेव्हा त्याने स्वतःच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावा घेतला. आणि याच मुलाला मागून नावाने हाक मारली, तर तो मानही वळवत नाही.

एका मोठ्या शहरातील केंद्राने आम्हाला ध्वनिप्रशिक्षण सुचवले आहे. दहा दिवस, रोज दोन वेळा, अर्धा-अर्धा तास हेडफोनवर विशेष संगीत ऐकवायचे असते. ‘कान सुधारले की बोलणे आपोआप येईल,’ असे तेथे सांगण्यात आले. शुल्क यजमानांच्या चार महिन्यांच्या कमाईइतके आहे आणि सासूबाई पाटल्या गहाण ठेवायला तयार झाल्या आहेत. कोणाच्या मुलाला याचा खरोखर उपयोग झाला आहे का?

वाचा-श्रवण चिकित्सक, खानापूर

ताई, पाटल्या सध्या कपाटातच राहू द्या. ही पद्धत गी बेरार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने रूढ केली. काही विशिष्ट कंपनसंख्यांचे आवाज मुलाला असह्य होतात, तेव्हा त्या गाळलेले आणि उंच-खालचे स्वर सतत पालटणारे संगीत ऐकवले तर कानाला नवी सवय लागते, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना ऐकायला पटते; प्रयोगांत मात्र ती टिकलेली नाही. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात अशा प्रशिक्षणाचे ६ आणि तोमातिस या संगीत ऐकवण्याच्याच दुसऱ्या पद्धतीचा १ असे एकूण १८२ जणांवरचे ७ प्रयोग तपासले गेले आणि ही पद्धत उपयुक्त म्हणावी इतका पुरावा त्यांत आढळला नाही. स्वमग्न मुलांच्या भाषेच्या अडचणींसाठी हे प्रशिक्षण वापरू नये, असे उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये स्पष्टच सांगितले. म्हणून ‘बोलणे आपोआप येईल’ हे आश्वासन देण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे माझे ठाम मत आहे.

तुमच्या लिहिण्यात एक फार मोलाची गोष्ट आली आहे. माग खटखटतो तो एका लयीत; पुढचा ठोका कधी पडणार हे मुलाला ठाऊक असते. शिट्टी केव्हा होईल, हे त्याला कळत नाही. अनेक स्वमग्न मुलांना आवाजाच्या मोठेपणाइतकाच त्याचा अवचितपणा छळतो. हाकेला ओ न देणे हा स्वमग्नतेचा भाग असू शकतो, पण तसे गृहीत धरू नये. पडद्यामागे पाणी साचले असेल किंवा ऐकण्यात खरीच उणीव असेल, तर ते आधी कळायला हवे. त्याची ‘बेरा’ ही ऐकण्याची तपासणी झाली आहे का? मूल झोपेत असताना डोक्याला व कानामागे चकत्या लावून ती करतात. मुलाने उत्तर देण्याची गरज नसते.

जाता जाता आणखी एक. शाळा कन्नड आहे म्हणून घरातले मराठी बंद करा, असा सल्ला आपल्या भागात सर्रास दिला जातो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे अधिक लांबते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. तुम्ही मराठीतच बोला.

निपाणीचे बाबा

वहिनी, आम्ही हे प्रशिक्षण करून घेतले होते. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. पहिल्या दोन दिवसांत तिने हेडफोन चार-पाच वेळा भिरकावले, नंतर ती शांत बसू लागली आणि घरी आल्यावर पंधरा दिवस आम्हाला वाटत राहिले, की काहीतरी बदलले आहे. महिन्याभरात मिक्सर लावला की पुन्हा तेच सुरू झाले. इतका खर्च केल्यावर फरक दिसलाच पाहिजे असे आपल्या मनाला वाटते, हे मला फार उशिरा कळले.

उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. थेरपीच्या बाईंनी मिक्सरचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला सांगितला. तो जेमतेम ऐकू येईल इतका लहान ठेवायचा आणि मोबाइल मुलीच्याच हातात द्यायचा. बंद करण्याचे बटण तिच्या अंगठ्याखाली असे. ती रडण्याच्या बेतात असताना आम्ही आवाज कधीच वाढवला नाही. असे आठ महिने चालले. पुढे खरा मिक्सर लावताना मी ‘एक, दोन, तीन’ म्हणायचो आणि बटण ती फिरवायची. चटणी वाटायला आता तीच लागते.

प्राथमिक शिक्षिका, बेळगाव तालुका

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. पत्र्याच्या छपरामुळे आमच्या वर्गात आवाज फार घुमतो. त्याला घंटेपासून लांबच्या भिंतीशी बसवले आणि घंटेआधी शिपाईमामांनी दारातून हात दाखवायचा, एवढेच ठरवले. त्याचे वर्गाबाहेर पळणे पुष्कळ कमी झाले. कान झाकणारे मफ मिरवणुकीपुरते जवळ ठेवा, पण दिवसभर घालू नका. कानांना सतत शांततेची सवय लागली तर साधा आवाजही बोचू लागतो. खर्चाचे म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढून घेतल्यास केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते आणि त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत थेरपीचा खर्चही येतो.

वडगावची आई

सर्वांचे मनापासून आभार. ‘बेरा’ आजवर कोणी सांगितलीच नव्हती. सोमवारी जिल्हा रुग्णालयात चौकशी करणार आहे. कुकरची शिट्टी आज सकाळी मोबाइलवर घेतली. दादा, तुम्ही सुरुवातीला दिवसातून किती वेळा आणि किती वेळ ऐकवत होता, तेवढे कृपया लिहाल का?

निपाणीचे बाबा

दिवसातून एकदाच, संध्याकाळी खाणे झाल्यावर, दहा-बारा सेकंद. तिने बटण दाबले की त्या दिवशीचे तेवढ्यावरच थांबवत असू.