घोडीला गव्हाचा भुसा आणि भाताचा पेंढा कितपत द्यावा?

मावळकर: आमच्याकडे आठ वर्षांची मारवाडी घोडी असून तिचे वजन अंदाजे 350 किलो आहे. काम फारसे नसल्यामुळे तिच्या अंगावर चरबी चढली आहे आणि मानेचा वरचा भाग हाताला टणक लागतो. चांगले वाळलेले गवत उन्हाळ्यात महाग होते. पेंढा मात्र घरचाच आहे आणि गव्हाचा भुसाही सहज मिळतो. सोबत रोज किलोभर गव्हाचा कोंडा देतो. गवताऐवजी पेंढा किंवा भुसा दिल्यास चालेल का, आणि किती द्यावा?

पशुवैद्य_पुणे: चालेल, पण सगळे गवत काढून नव्हे. आपल्या घोडीला दिवसाला वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे तोलून साधारण सहा किलो, लागतो. त्यातील निम्म्यापर्यंत गव्हाचे काड (भुसा म्हणजे त्याचेच बारीक तुकडे) देता येते. सुरुवात अर्ध्या किलोने करून दोन-तीन आठवड्यांत हे प्रमाण वाढवावे. काडात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात आणि साखर कमी असते. म्हणूनच ज्या घोडीला चघळायला भरपूर हवे पण चरबी नको, तिला ते उपयोगी पडते. मान टणक लागणे हे खुरांच्या दाहाचा, म्हणजे लॅमिनायटिसचा, धोका वाढल्याचे लक्षण असल्याने तिचे वजन उतरवणे आवश्यकच आहे. मात्र केवळ काडावर ठेवल्यास जठरात व्रण होण्याची आणि आतड्यात चारा अडकून पोटशूळ उठण्याची शक्यता वाढते. गाभण वा दूध पाजणारी घोडी, शिंगरू आणि दात झिजलेले म्हातारे जनावर यांना हा उपाय करू नये.

पेंढ्याबाबत मी अधिक सावध राहीन. त्यात सिलिका जास्त आणि कॅल्शियम कमी असते, शिवाय त्यातील ऑक्झलेट हा घटक जे काही कॅल्शियम असते तेही अंगी लागू देत नाही. त्यावर आपण देत असलेल्या कोंड्यात फॉस्फरस पुष्कळ आहे. ही जोडी दीर्घकाळ चालली तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते, घोडा लंगडू लागतो आणि चेहऱ्याची हाडे फुगतात. कोंडा पौष्टिक समजून कौतुकाने दिला जातो, पण माझ्या मते आपल्या दावणीतला खरा प्रश्न पेंढ्यापेक्षा तोच आहे. तो हळूहळू बंद करावा आणि थोडा वाळलेला लसूणघास व घोड्यांसाठीचे खनिज मिश्रण सुरू करावे.

सोलापूरचा_स्वार: आमच्याकडे पिढ्यानपिढ्या घोडी कडब्यावर वाढली, त्यांना काही झाले नाही. इतकी काळजी अनावश्यक वाटते.

पशुवैद्य_पुणे: कडब्याला पाने असतात, त्यामुळे तो नुसत्या काडापेक्षा सकस ठरतो, शिवाय ती घोडी दिवसभर राबत होती आणि त्यांना हरभरा मिळत होता. तुलना करताना हे दोन्ही धरावे लागेल. कोवळी हिरवी ज्वारी मात्र घोड्याला घालू नये.

पागा_नाशिक: भुशाविषयी थोडे सांगतो. मळणी यंत्रातून निघालेला अगदी बारीक भुसा घोडे न चघळता गिळतात, म्हणून दोन-तीन इंची तुकडे मिळाल्यास तेच घ्यावेत. भुसा चाळून धूळ काढावी व देण्यापूर्वी पाणी शिंपडावे. ओला करून ठेवू मात्र नये, तो आंबतो. मूठभर घेऊन नाकाशी धरल्यावर कुबट वास आला किंवा हातावर काळी-करडी भुकटी राहिली तर तो बुरशीचा आहे; घोड्याच्या छातीला त्याचा त्रास होतो. कुसळेही पाहावीत, कारण ती हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात. घोडी लाळ गाळू लागली आणि चारा तोंडातून टाकू लागली, तर आधी तोंड उघडून पाहावे.

युरिया लावलेला पेंढा गुरांसाठी असतो. घोडीपुढे तो चुकूनही येऊ देऊ नये.

मावळकर: आभारी आहे. पाणी किती ठेवावे?

पशुवैद्य_पुणे: मोजून नव्हे, सतत. उन्हाळ्यात कोरड्या चाऱ्यावरची घोडी दिवसाला तीस लिटरपर्यंत पिऊ शकते. लीद रोज पाहा: गोळे लहान, कडक आणि कोरडे दिसू लागले तर भुसा त्याच दिवशी कमी करा, आणि लीद थांबली तर वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा.