कपाटाच्या दारांसाठी शेतातला कडुनिंब, पण लगेच नको

ताई, शेतात पडलेल्या कडुनिंबाच्या फळ्यांची कपाटाची दारं करावीत की सरळ सागवान घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. कडुनिंब लाकूड म्हणून हलकं नाही. महोगनीच्या कुळातलं झाड आहे, कीड सहसा लागत नाही. अडचण ओलीची आहे.

आपल्याकडे भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि लगेच पावसाळी दमट हवा येते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र आकसतं आणि फुगतं. म्हणून एकसंध रुंद फळीचं दार कधीच करू नका, मग ते सागाचं का असेना. चौकट करून तिच्या खाचेत फळी बसवायची, आणि तिथे डिंक किंवा खिळा अजिबात नको. फळीला हलायला जागा हवीच. आमच्या स्वयंपाकघरात सुताराने घाईत खिळे मारले, पहिल्याच उन्हाळ्यात दोन फळ्या उभ्या चिरल्या. आजही बघितलं की जीव हळहळतो.

तुमच्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचा आणि निदान वर्षभर वाळू द्या. तेवढं थांबणं जमत नसेल तर मी सागच घेईन, तोही वाळलेला. सागाची हालचाल कमी.

सिंकखालच्या दारांना मात्र आयएस 710 शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लायवूड वापरा. सनमायका लावलात तर दोन्ही बाजूंनी लावा, एकाच बाजूने लावल्यास दार वाकतं. आणि फळ्यांची जाडी किती आहे तेवढं कळवा.